आश्विनात फुलपाखरे घरी यावीत म्हणून: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

भाद्रपद सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. पावसाळाभर कुंड्यांतल्या पाण्याचा निचरा, बुरशी आणि गोगलगायी यांविषयी विचारणारे वाचक एकाएकी फुलपाखरांविषयी विचारू लागतात, कारण ती आता खरोखरच सगळीकडे दिसू लागलेली असतात. या अंकासाठी त्यांतली सात पत्रे निवडली आहेत. सहा महाराष्ट्रातली आहेत आणि एक परदेशातले. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

आमची पूर्वेकडे उघडणारी लहानशी गच्ची आहे. झेंडू, झिनिया आणि शेवंती यांच्या मिळून वीसेक कुंड्या लावल्या आहेत. फुलपाखरे येतात, एखाद-दुसऱ्या फुलावर बसतात आणि निघून जातात. ती टिकून राहावीत यासाठी आणखी कोणती फुले लावावीत?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

आपण लावलेल्या फुलांत दोष नाही. परंतु आपली गच्ची ही सध्या फुलपाखरांची खानावळ आहे, आणि खानावळीत कोणी मुक्कामाला राहत नाही. फुलपाखरू मधुरस कोणत्याही सोयीच्या फुलावर पिते, अंडी मात्र ठरावीक झाडांवरच घालते, कारण अंड्यातून निघणारी अळी तीच ठरावीक पाने खाऊ शकते. मादी एखाद्या झाडाभोवती घिरट्या घालून पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पान चाचपते आणि पुन्हा उडते, हे आपण पाहिले असेल. तिच्या पायांवर चव ओळखणारी इंद्रिये असतात आणि हे पान आपल्या पिलांच्या कामाचे आहे की नाही, हे ती त्या स्पर्शातून ठरवत असते. आपल्या वीस कुंड्यांत तिला हवे असलेले पान बहुधा एकही नाही. म्हणून आणखी फुले लावण्यापेक्षा अळ्यांच्या खाद्यवनस्पती लावाव्यात, असे माझे ठाम मत आहे, आणि या सदरातल्या पुढच्या बहुतेक उत्तरांचे मूळही तेच आहे.

आपल्याकडे त्यासाठी हा ऋतू सर्वांत अनुकूल का, तेही सांगतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर सगळीकडे कोवळी पालवी फुटते. बागांत नेहमी दिसणाऱ्या बऱ्याच फुलपाखरांची एक पिढी, म्हणजे अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचा सगळा प्रवास, साधारण महिनाभरात पुरी होते. त्यामुळे पावसाळ्याच्या चार महिन्यांत पिढीमागून पिढी वाढत जाते आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात त्यांची संख्या भरास येते. पुढे गवत वाळते, पाने जून होतात आणि संख्या उतरू लागते. आज आपण एखादी खाद्यवनस्पती आणून ठेवली, तर दिवाळीच्या सुमारास आपल्याच गच्चीत जन्मलेले फुलपाखरू दिसण्याची चांगली शक्यता आहे.

लहान गच्चीसाठी मी सर्वांत आधी पानफुटीचे नाव घेईन. पान मातीवर टाकले तरी रुजते, पाणी थोडे लागते, आणि रेड पिएरो हे अतिशय देखणे फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते. पंखांची वरची बाजू काळी, मागच्या पंखांवर नारिंगी-तांबडा पट्टा आणि खालून पांढऱ्यावर काळे ठिपके, अशी त्याची ओळख आहे. याची अळी पानावर दिसत नाही, कारण ती पानाच्या आत शिरते आणि वरच्या-खालच्या सालीमधला गर खात पुढे सरकते. पानफुटीचे जाड पान उन्हासमोर धरावे. हिरव्या गरात एक फिकट, अर्धपारदर्शक वाट पोखरलेली दिसली आणि तिच्या टोकाशी गडद सावली हलली, तर आपल्या गच्चीत पाहुणा राहायला आला आहे असे समजावे. असे पान कुजलेले समजून अनेक जण खुडून फेकतात. कृपया तसे करू नये.

पानफुटीसोबत कढीपत्त्याची आणि लिंबाची एकेक मोठी कुंडी ठेवावी. त्यांच्यावर लिंबाळी आणि बहुरूपी ही फुलपाखरे येतात. आसपास झाडी चांगली असेल, तर 2015 साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले नीलवंतही लिंबू-पपनसाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. चित्रकाच्या, किंवा रोपवाटिकेत मिळणाऱ्या निळ्या प्लंबॅगोच्या, कळ्यांवर झेब्रा ब्लू हे नखाएवढे फुलपाखरू वाढते. कठड्यावर कृष्णकमळाची वेल चढवली, तर टॉनी कोस्टर येते. कुंडीत आपोआप उगवणारी घोळ तण म्हणून उपटू नये, कारण डॅनाइड एगफ्लाय, म्हणजे आपला छोटा चांदवा, तिच्यावर अंडी घालतो. याचा नर काळा असून त्याच्या पंखांवर निळसर झाक असलेल्या कडेचे पांढरे चांदवे असतात. मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडवा या फुलपाखरासारखी नारिंगी दिसते, कारण कडवा विषारी असल्याचे पक्ष्यांना ठाऊक असते आणि त्या वेषात तिचा जीव वाचतो.

राहिला प्रश्न फुलांचा. भरगच्च पाकळ्यांच्या संकरित झेंडूत आणि शेवंतीत मधुरसापर्यंत फुलपाखराची सोंड पोहोचत नाही. एकेरी पाकळ्यांच्या जाती निवडाव्यात. झिनिया, कॉसमॉस, पेंटास आणि एक्झोरा चांगली आहेत. जमैकन स्पाइकच्या लांब दांड्यांवर तर सकाळी एकाच वेळी तीन-चार जातींची फुलपाखरे पाहायला मिळतात. एकाच रंगाच्या चार-पाच कुंड्या एकत्र ठेवल्या, तर दुरून लवकर नजरेस पडतात. झिनियाला बियांपासून फुलावर यायला दोनेक महिने लागतात, म्हणून यंदा तयार रोपे आणावीत आणि पुढच्या वर्षासाठी ऑगस्टमध्ये बी पेरावे. घाणेरीवर फुलपाखरे झुंबड करतात हे खरे. पण ती बाहेरून आलेली, रानेच्या राने गिळणारी वनस्पती आहे आणि तिच्यावाचून उत्तम भागते.

आमच्या परसातल्या लिंबाचे आणि कढीपत्त्याचे शेंडे अळ्यांनी पार फस्त केले आहेत. मी निंबोळी अर्क फवारणार होते, पण सुट्टीला आलेला नातू म्हणाला, "आजी, ती फुलपाखरं आहेत, मारू नकोस." रोजच्या फोडणीला कढीपत्ता तर लागतोच. मी काय करावे?
— एक आजी, राजापूर, जि. रत्नागिरी

आजी, नातवाचे म्हणणे बरोबर आहे, आणि आपली फोडणीही अडणार नाही.

आपल्या झाडांवर लिंबाळीच्या किंवा बहुरूपीच्या अळ्या असाव्यात. सुरुवातीला ही अळी तपकिरी-काळपट असते आणि तिच्या अंगावर मध्येच पांढरा डाग असतो, त्यामुळे पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असेच वाटते. चार वेळा कात टाकेपर्यंत ती हे सोंग घेऊन असते; मग एके सकाळी ती पानासारखी हिरवीगार, गुबगुबीत दिसते. तिला काडीने हलकेच स्पर्श केला, तर डोक्यामागून दोन टोकांचे शिंगासारखे मांसल इंद्रिय झटकन बाहेर येते आणि एक उग्र, आंबूस वास पसरतो. मुंग्यांना आणि लहान शत्रूंना पळवण्याचे ते साधन आहे. नातवाला हे एकदा जरूर दाखवा. फक्त पुन्हा पुन्हा डिवचू देऊ नका, कारण प्रत्येक वेळी अळीची शक्ती खर्च होते.

अळीचा मुक्काम दोन ते तीन आठवड्यांचा असतो आणि शेवटच्या चार-पाच दिवसांत ती सर्वाधिक पाने खाते. आपल्याला झाड संपल्यासारखे वाटते ते याच दिवसांत. जमिनीत रुजलेले मोठे झाड यातून सहज सावरते आणि अळ्या गेल्यावर नवी पालवी धरते. मोठ्या कढीपत्त्याला तर शेंडे खुडले गेल्यावर अधिकच फांद्या फुटतात. एक-दोन वर्षांचे लहान रोप मात्र खरोखर मरू शकते. त्यासाठी माझा उपाय असा आहे. कढीपत्त्याच्या मुळांपासून आजूबाजूला फुटवे येतात, त्यांतले दोन-तीन काढून वेगळ्या जागी लावावेत आणि ती झाडे अळ्यांची म्हणून सोडून द्यावीत. स्वयंपाकाच्या झाडावर अळी दिसली, की ती बसलेल्या पानासकट कात्रीने काढून त्या दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवावी. अळीला बोटांनी ओढू नये. तिची पकड घट्ट असते आणि पाय दुखावतात. घरच्या झाडाची कोवळी पाने रोज सकाळी उलटून पाहिली, तर मोहरीएवढी फिकट पिवळी अंडीही सापडतात.

निंबोळी अर्क सेंद्रिय असला, तरी अळीच्या दृष्टीने ते विषच आहे: त्याने तिची भूक मरते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडते. मीही फार वर्षांपूर्वी "नैसर्गिक आहे, चालेल" असे म्हणून लिंबावर तो फवारला होता. दोन दिवसांनी पानांवर काळ्या पडलेल्या अळ्या लोंबत होत्या, आणि त्याच झाडाभोवती एक बहुरूपी मादी अंडी घालायला जागा शोधत फिरत होती. ते दृश्य पाहिल्यापासून माझ्या बागेत फवारणीचा पंप नाही.

आपण राजापूरच्या आहात, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. पातोळ्यांसाठी लावलेली हळद आता चांगली वाढली असेल. तिच्या पानाची कड दुमडून केलेली सुरळी दिसली, तर आत ग्रास डेमन या फुलपाखराची अळी असू शकते. ती त्या सुरळीत दडून पान खाते. गणपतीच्या पातोळ्या होऊन गेल्या असतील, तर उरलेली पाने तिला असू द्यावीत.

फुलपाखरांसाठी ओल्या मातीची थाळी ठेवावी, असे आपण पूर्वी लिहिले होते. आमच्या सोसायटीत सध्या डेंग्यूचे रुग्ण आहेत आणि समितीने साठलेल्या पाण्याची सगळी भांडी काढायला सांगितली आहेत. शिवाय आठवड्यातून दोनदा धूर फवारणीही होते. अशा वेळी काय करावे?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

समितीचे म्हणणे आधी ऐकावे. माणसांच्या जिवाशी तडजोड नाही. मात्र थाळीत पाणी साठवायचे नसते, एवढा खुलासा करतो. फुलपाखरांना तळे नको असते, ओल हवी असते. पसरट मातीच्या थाळीत वाळू आणि बागेतली माती भरावी, चिमूटभर मीठ किंवा मूठभर शेणखत मिसळावे आणि दाबल्यावर बोट ओले होईल इतकेच पाणी शिंपडावे. वर पाणी दिसता कामा नये. अशा जागी प्रामुख्याने नर जमतात आणि मातीतले क्षार, विशेषतः सोडियम, शोषून घेतात. पानांत आणि मधुरसात ते फार कमी असते. मीलनाच्या वेळी नर त्यातला काही भाग मादीला देतो आणि तो पुढे अंड्यांच्या कामी येतो.

डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळला तर त्याची पिढी पुरी होत नाही. त्या दिवशी थाळीसुद्धा उन्हात पूर्ण वाळवावी. कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र काढूनच टाकाव्यात. घरातले डास बहुतेक वेळा तिथेच निपजतात. कमळाचे भांडे असेल, तर त्यात गप्पी मासे सोडावेत. डासांच्या अळ्यांसाठी मिळणारी बीटीआय ही जिवाणूयुक्त पावडर पाण्यात वापरल्यास फुलपाखरांना धोका नाही. पण भाजीपाल्यावरच्या अळ्यांसाठी विकली जाणारी बीटी कुर्स्ताकी हा त्याच जिवाणूचा वेगळा प्रकार आहे आणि तो फुलपाखरांच्या अळ्याही मारतो. डबा घेताना नाव नीट वाचावे.

धूर फवारणीने त्या घटकेला उडणारे डास मरतात. पाण्यातली अंडी आणि अळ्या तशाच राहतात. हे समितीसमोर शांतपणे मांडावे, आणि फवारणी व्हायचीच असेल तर ती गटारे, तळघर आणि वाहनतळापुरती ठेवून फुलझाडांचे वाफे वगळावेत, अशी विनंती करावी. आपल्याच रस्त्यावर ओवळे गावात ओवळेकर वाडीची फुलपाखरू बाग आहे. खाद्यवनस्पती लावल्या म्हणजे शहराच्या कडेलाही किती जातींची फुलपाखरे नांदू शकतात, हे समितीच्या सभासदांना एका रविवारी तिथे नेऊन दाखवता आले, तर पत्रापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

शेताच्या बांधावर खुळखुळ्याचे एक वाळके झाड आहे. गेला आठवडाभर त्यावर वीस-पंचवीस काळी-निळी फुलपाखरे लोंबत असतात. फूल नाही, हिरवे पान नाही. मग ती तिथे काय खातात?
— एक वाचक, पाटण, जि. सातारा

आपण फार सुंदर गोष्ट पाहिली आहे. ती ब्लू टायगर आणि कॉमन क्रो ही फुलपाखरे असावीत. त्यांत पट्टेरी नारिंगी रंगाची काही असतील, तर ती स्ट्राइप्ड टायगर होत. ही सगळी एकाच कुळातली असून तिथे जमलेली जवळपास सर्व नर असणार. खुळखुळ्याच्या आणि भुरुंडीच्या पानांत, शेंगांत अल्कलॉइडे नावाची काही कडू रसायने असतात. झाड वाळले किंवा पान चुरगळले, की ती मोकळी होतात. नर त्यावर आपल्या सोंडेतला द्रव सोडून ती विरघळवतात आणि शोषून घेतात. त्यांचा एक भाग शरीरात राहून पक्ष्यांपासून रक्षण करतो आणि दुसऱ्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार होतो. थोडक्यात, ती तिथे पोट भरायला येत नाहीत, लग्नाची तयारी करायला येतात.

बांध साफ करताना ते झाड डिसेंबरपर्यंत राहू द्यावे. घराजवळ भुरुंडी उगवत असेल, तर तिची एक-दोन झाडे उपटून कुंपणाला उलटी टांगून पाहावीत; वाळू लागताच फुलपाखरे जमतात. जवळ कण्हेर असल्यास तिची पानेही तपासावीत. कॉमन क्रोची अळी कण्हेरीवर वाढते आणि तिचा कोष आरशासारखा चांदीने मढवल्यागत चकाकतो. एकदा पाहिला की तो विसरता येत नाही.

बशीत साखरपाणी ठेवले तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

ठेवू नये. ते उन्हात लवकर आंबते, त्यात मुंग्या येतात आणि फुलपाखरांचे पंख चिकटतात. त्याऐवजी अति पिकलेले केळे, पपई किंवा अननसाच्या साली सावलीत, झाडाच्या बुंध्याशी ठेवाव्यात; हल्ली सीताफळे आहेत, त्यांचे गराचे उरलेसुरले भागही चालतील. फुलांकडे क्वचितच फिरकणारी इव्हनिंग ब्राउन आणि कॉमन बॅरन यांसारखी फुलपाखरे अशा फळांवर येतात. त्यांतल्या बॅरनची अळी आंब्याच्या पानावर असते. ती पानाच्या मधल्या शिरेवर पाठ जुळवून बसते आणि तिचे दोन्ही बाजूंचे केसाळ काटे पानाच्या शिरांसारखे पसरलेले असतात, त्यामुळे पाहूनही दिसत नाही.

सावलीतल्या या करड्या फुलपाखरांकडे आश्विनात विशेष लक्ष द्यावे. इव्हनिंग ब्राउनची पावसाळी पिढी पंखांच्या खालच्या बाजूस स्पष्ट डोळे मिरवते. पाऊस संपल्यावर जन्मणाऱ्या पिढीत ते डोळे पुसट होतात आणि पंख वाळक्या पानासारखे दिसू लागतात, कारण आता जमिनीवर हिरवे गवत नसते, पाचोळा असतो. या महिन्यात दोन्ही रूपे एकाच बागेत एकाच दिवशी दिसू शकतात.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांना फुलपाखराचे जीवनचक्र प्रत्यक्ष दाखवायचे आहे. अळी वर्गात आणून वाढवली तर तिला त्रास होईल का?
— एक शिक्षिका, वरोरा, जि. चंद्रपूर

काळजी घेतली तर त्रास होत नाही, आणि पुस्तकातल्या आकृतीने जे होत नाही ते या एका अळीने होते. रुईवरची बिबळ्या कडव्याची अळी यासाठी चांगली, कारण पांढरे, काळे आणि पिवळे पट्टे व काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या यांमुळे ती मुलांना चटकन सापडते. रुईचा चीक मात्र डोळ्यांना अपायकारक आहे; पाने तोडण्याचे काम आपण स्वतः करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. तेवढी जोखीम नको असेल, तर कढीपत्त्यावरची अळी आणावी.

रुंद तोंडाची बरणी घ्यावी, तळाशी जुने वर्तमानपत्र घालावे आणि तोंडावर मच्छरदाणीचे कापड बांधावे. ताजी पाने रोज द्यावीत, विष्ठा रोज काढावी, बरणी उन्हात ठेवू नये. एका बरणीत दोनपेक्षा अधिक अळ्या नकोत. आत एक सुकी काडी तिरपी ठेवावी, म्हणजे अळी तिच्यावर कोष करील. लिंबाळीचा आणि बहुरूपीचा कोष भोवतालानुसार हिरवा किंवा तपकिरी होतो. एका बरणीत हिरवी डहाळी आणि दुसरीत वाळकी काडी ठेवून मुलांना रंग ओळखायला सांगितले, तर तोच एक प्रयोग होईल.

आठवडा-दहा दिवसांनी कोष पारदर्शक होऊन आतले पंखांचे रंग दिसू लागले, की दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग थोडा लवकर भरवावा. कोष फुटून फुलपाखरू बाहेर येते तेव्हा त्याचे पंख ओल्या, चुरगळलेल्या कागदासारखे असतात. ते काडीला लटकते, शरीरातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलते आणि मुलांच्या डोळ्यांदेखत पंख उलगडत जातात. या वेळी कोणीही मदत करू नये, हात लावू नये. लटकायला जागा मिळाली नाही, तर पंख वाकडेच वाळतात. खाली एक-दोन लालसर थेंब पडतील. ते रक्त नसून कोषातला उरलेला मळ आहे, हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे लहान मुले घाबरणार नाहीत. दोनेक तासांनी पंख कडक झाले, की फुलपाखरू बाहेर सोडावे.

कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी माश्या किंवा बारीक गांधीलमाश्या निघतात. बाहेरून आणलेल्या अळीत त्यांनी आधीच अंडी घातलेली असतात. मुले हिरमुसतील, तरीही ते लपवू नये. त्याही बागेतल्याच रहिवासी आहेत, आणि असंख्य अळ्यांतून थोडीच फुलपाखरे का उरतात, याचे उत्तर तिथे असते.

माझ्या माहेरी नाशिकला अंगणात हळदीकुंकवाचे झाड होते. इथे न्यू जर्सीत तेच झाड ट्रॉपिकल मिल्कवीड या नावाने मिळाले आणि मोनार्क फुलपाखरांसाठी म्हणून लावले. आता थंडी जवळ आली आहे. शरदात या बागेत मी काय करावे आणि काय करू नये?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

झाड तेच आहे. मूळचे ते उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले. आपल्याकडे बाहेरून येऊन लाल-पिवळ्या फुलांमुळे हळदीकुंकू झाले. योगायोग असा की आपल्याकडे त्याच नावाचे एक फुलपाखरूही आहे, पण त्याच्या अळ्या वाढतात बांडगुळावर. या झाडावर अंडी घालतो तो बिबळ्या कडवा, आणि तुमच्या तिथला मोनार्क हा त्याचाच भाऊबंद, दोघेही डॅनॉस या एकाच प्रजातीतले.

मात्र आपण राहता तिथला शरद निराळा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे दिसणारे मोनार्क स्थलांतर करणाऱ्या पिढीचे असतात. उन्हाळ्यातल्या पिढ्या काही आठवडेच जगतात. ही पिढी आठ-नऊ महिने जगते, सहसा अंडी न घालता दक्षिणेकडे निघते आणि मध्य मेक्सिकोच्या डोंगरांतल्या ओयामेल वृक्षांवर हिवाळा काढते. आपल्याच राज्याच्या दक्षिण टोकाला केप मे येथे ती हजारोंनी थबकतात. या प्रवाशांना आता अळीच्या पानांपेक्षा मधुरसाची निकड आहे, म्हणून आपल्या बागेत न्यू इंग्लंड ॲस्टर आणि गोल्डनरॉड ही तिथली देशी फुले असावीत. गोल्डनरॉडमुळे शिंका येतात, असा समज आहे. दोष त्याच वेळी फुलणाऱ्या रॅगवीडच्या परागांचा असतो.

ट्रॉपिकल मिल्कवीडविषयी माझा सल्ला आपल्याला थोडा जड जाईल, कारण त्या झाडाशी माहेरची आठवण जोडलेली आहे. स्थानिक मिल्कवीड शरदात वाळून जाते. हे मात्र कडाक्याची थंडी पडेपर्यंत हिरवे राहते. त्याच पानांवर मोनार्क पुन्हा पुन्हा येत राहिले, की त्यांना ग्रासणाऱ्या ओई या सूक्ष्म परजीवीचे बीजाणू साठत जातात. फ्लोरिडा-टेक्साससारख्या, हे झाड वर्षभर टिकणाऱ्या भागांत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. न्यू जर्सीत हिम त्याला मारतेच. तरीही सप्टेंबरअखेर ते छाटून टाकावे, किंवा आठवणीसाठी एक कुंडी घरात, खिडकीपाशी ठेवावी आणि बागेत त्याच्या जागी कॉमन मिल्कवीड, स्वॉम्प मिल्कवीड आणि बटरफ्लाय वीड ही देशी झाडे लावावीत.

न करण्याची मुख्य गोष्ट म्हणजे पानगळ झाडून पिशव्यांत भरणे. तिथली कित्येक फुलपाखरे आणि पतंग अळीच्या किंवा कोषाच्या रूपात पाचोळ्यात हिवाळा काढतात. स्वॅलोटेल फुलपाखरांचे कोष तर वाळक्या दांड्यांनाच चिकटलेले असतात. पायवाट आणि हिरवळ झाडावी, पण झुडपांखालची पाने तशीच राहू द्यावीत आणि दांडे वसंतात, हवा नीट उबदार झाल्यावर कापावेत. देशी मिल्कवीडच्या बियांना रुजण्याआधी थंडी सोसावी लागते. म्हणून नोव्हेंबरमध्ये, जमीन गोठण्यापूर्वी, भरपूर उन्हाच्या वाफ्यात बी विखरून वर अर्धा सेंटिमीटर माती पसरावी, एकदा हलके पाणी द्यावे आणि जागा ओळखण्यासाठी कडेला काडी रोवून ठेवावी.